मोठ्यांनी सोडलेली विहीर

शेलसारख्या कंपनीला जिथे तेल मिळालं नाही, तिथे ऑफिसात पंधरा-वीस माणसं असलेली कंपनी काय दिवे लावणार? छोट्या तेलशोधक कंपन्यांचा विषय निघाला की हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि तो रास्तही आहे. लंडन, टोरांटो किंवा ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात अशा कंपन्या पैशाला पासरी आहेत. त्यांच्याकडे विकायला तेल नसतं. एक नकाशा असतो, सरकारने दिलेला परवाना असतो आणि त्या परवान्याच्या हद्दीत पूर्वी कोणीतरी खणून बुजवलेल्या दोन-चार विहिरी असतात. कंपनी त्या विहिरींकडे बोट दाखवून म्हणते, 'इथे तेलाच्या खुणा मिळाल्या होत्या.' शंकेखोर माणूस त्याच विहिरींकडे बोट दाखवून म्हणतो, 'इथे तेल मिळालं नव्हतं.' दोघंही खरंच बोलत असतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. राजस्थानातल्या बाडमेरच्या वाळवंटात तेल शोधण्याचा करार 1995 मध्ये शेलबरोबर झाला होता. पुढे एडिंबरोची केर्न एनर्जी ही तुलनेने लहान कंपनी त्यात भागीदार झाली. 1999 मध्ये गुडा इथल्या विहिरीत तेल लागलं, पण थोडं. शेलचा उत्साह मावळला आणि 2002 मध्ये तिने आपला हिस्सा केर्नला साडेबहात्तर लाख डॉलरना विकला. तेलाच्या धंद्यात ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. जानेवारी 2004 मध्ये याच क्षेत्राच्या उत्तर भागात मंगला हे तेलक्षेत्र सापडलं. त्याआधीच्या वीसेक वर्षांत भारतात जमिनीवर एवढं मोठं तेल कुठेच मिळालं नव्हतं. केर्नचे प्रमुख बिल गॅमेल हे स्कॉटलंडकडून खेळलेले रग्बीपटू. वृत्तपत्रांना अशी गोष्ट हवीच असते, त्यामुळे 'राक्षसाला हरवणारा बुटका' छापाचे मथळे भरपूर आले.

ही गोष्ट ऐकून 'मोठ्यांनी सोडलं म्हणजे तिथे घबाड असणार' असं समजणं मात्र पहिल्या शंकेपेक्षाही धोक्याचं. मोठ्यांनी सोडलेल्या जागा जगात असंख्य आहेत, मंगला एखादंच. फरक कसा ओळखायचा, याचं उत्तर बहुधा जुन्या विहिरींच्या कागदपत्रांतच असतं. फक्त ते वाचायचं कसं हे ठाऊक हवं.

1. तेल थांबतं कसं

जमिनीखाली तेलाची तळी नसतात. तेल असतं खडकाच्या बारीक छिद्रांत, आणि तिथवर पोचायला त्याला बरेच योग जुळून यावे लागतात.

पहिला म्हणजे मातृखडक. प्राचीन समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी शेवाळ आणि सूक्ष्मजीव चिखलात गाडले गेले, त्या चिखलाचा काळा खडक झाला, तो खोल जाऊन तापला आणि त्यातून तेल सुटलं. ताप कमी पडला तर तेल होतच नाही, जास्त झाला तर उरतो नुसता वायू. दुसरा म्हणजे साठवणखडक. हा सच्छिद्र हवा आणि त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेलीही हवीत. बाडमेरला हे काम वालुकाश्माने केलं, मुंबई हायला चुनखडीने. तिसरं झाकण. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर सरकत राहतं. वर चिकण खडकासारखा घट्ट थर नसेल तर ते पार जमिनीवर येऊन उडून जातं. चौथा सापळा, म्हणजे थरांची अशी घडण की सरकणारं तेल कुठेतरी अडेल. आणि हा सापळा तेल निघण्याआधी तयार झालेला हवा.

यातलं एक जरी चुकलं तरी विहीर कोरडी. म्हणून भूवैज्ञानिक प्रत्येक गोष्टीची शक्यता वेगळी मांडतात आणि त्यांचा गुणाकार करतात. समजा, एका नव्या खोऱ्यात तेल तयार होऊन पोचल्याची शक्यता 50 टक्के आणि साठवणखडक, झाकण, सापळा यांची प्रत्येकी 60 टक्के. प्रत्येक आकडा बरा वाटतो. पण 0.5 गुणिले 0.6 गुणिले 0.6 गुणिले 0.6 केलं की उत्तर येतं 0.108. म्हणजे नऊ विहिरींत एक.

आता शेजारी एक जुनी 'अपयशी' विहीर आहे आणि तिच्यात खरंखुरं तेल थोडंसं वर आलं होतं, असं धरा. मातृखडकाची शंका जवळजवळ मिटली. त्याची शक्यता 50 वरून 95 टक्क्यांवर न्या. गुणाकार होतो साधारण 0.2. एका कोरड्या विहिरीने पुढच्या विहिरीची शक्यता दुप्पट केली! तरीही पाचातल्या चार विहिरी कोरड्याच जाणार, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

आणि ती जुनी विहीर झाकण फाटकं असल्यामुळे फसली असेल, नव्या विहिरीवरही तेच झाकण असेल, तर झाकणाची शक्यता 60 वरून 20 वर आणावी लागेल. मग उत्तर येतं सुमारे 7 टक्के. मातृखडक सिद्ध होऊनही आधीपेक्षा वाईट! म्हणजे जुन्या विहिरीत तेल होतं की नव्हतं यापेक्षा ती का फसली, हे जास्त मोलाचं.

2. कोरड्या विहिरीची वही

मराठवाड्यात शेजाऱ्याची बोअर फेल गेली म्हणून कोणी आपली बोअर घ्यायचं सोडत नाही. पण शहाणा शेतकरी आधी जाऊन विचारतो. किती फुटांवर गेली? ओल कुठे लागली? काळा पाषाण कुठे सुरू झाला? पैसे संपले म्हणून थांबवली की खरंच काही नव्हतं? तेलाच्या विहिरीला हेच प्रश्न विचारायचे असतात. इथे उत्तरं लिहून ठेवलेली असतात, एवढीच सोय. विहीर कोणीही खणो, तिची माहिती सरकारला द्यावी लागते आणि काही वर्षांनी ती इतरांनाही पाहायला मिळते. भारतात हायड्रोकार्बन महासंचालनालयाने 2017 मध्ये यासाठी राष्ट्रीय माहितीसाठा सुरू केला.

या वहीतले पुरावे एका तोलाचे नसतात. सगळ्यांत हलका पुरावा म्हणजे 'खुणा'. खणताना विहिरीत चिखलासारखा घट्ट द्रव फिरवतात, त्याबरोबर खडकाचा चुरा वर येतो. अतिनील दिव्याखाली चुरा चमकला तर त्यात तेलाचा अंश आहे. पण एवढा अंश साठ्यातून फुटून गेलेल्या तेलाचा डागही असू शकतो. तेल आलं होतं आणि निघून गेलं, असं सांगणारी खूण आनंदाची नसते.

त्यावरचा पुरावा उपकरणांच्या आलेखाचा. विहिरीत तारेने यंत्रं सोडून प्रत्येक थराची किरणोत्सारिता, घनता आणि विजेला होणारा विरोध मोजतात. खडकातलं खारं पाणी वीज वाहू देतं, तेल देत नाही. विरोध वाढला की तेलाचा संशय घ्यायचा. संशयच, कारण घट्ट, छिद्रहीन खडकही विजेला विरोध करतो. त्याच्या वर खडकातल्या द्रवाचा प्रत्यक्ष नमुना. आणि सगळ्यांत वर प्रवाह-चाचणी: विहीर उघडायची, तेल वाहू द्यायचं आणि दिवसाला किती पिंपं येतात ते मोजायचं.

विहीर योग्य जागी होती का, हेही पाहावं लागतं. पूर्वीची सिस्मिक सर्वेक्षणं द्विमितीय असत. जमिनीत कंपनं सोडून परत येणारे पडसाद एकेका रेषेवर टिपायचे, आणि दोन रेषांमध्ये कधी कधी काही किलोमीटरचं अंतर. मधलं अंदाजाने. अशा नकाशावर घुमटाचा माथा म्हणून खणलेली विहीर प्रत्यक्षात उतारावर निघू शकते. पुढे त्रिमितीय सर्वेक्षण आल्यावर कित्येक जुन्या विहिरींबद्दल कळलं की त्यांनी सापळ्याला नीट हातच लावला नव्हता. अशी विहीर फसली, यावरून सापळ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मात्र ती बरोबर माथ्यावर उतरली असेल, साठवणखडक उत्तम मिळाला असेल आणि त्यात नुसतं पाणी असेल, तर कंपनीचं चकचकीत सादरीकरण बंद करून घरी जावं.

3. फॉकलंडच्या सहा विहिरी

जुन्या विहिरी कशा वाचाव्यात याचा धडा मला विचाराल तर दक्षिण अटलांटिकमध्ये आहे. 1998 मध्ये फॉकलंड बेटांच्या उत्तरेला शेल, अमेराडा हेस, लास्मो अशा कंपन्यांनी 'बोर्गनी डॉल्फिन' नावाची एकच रिग आळीपाळीने वापरून सहा विहिरी खणल्या. पाचांत हायड्रोकार्बनच्या खुणा मिळाल्या. शेलच्या विहिरीतून तर थोडं तेलही वर आलं. पण विकण्याजोगा साठा एकीतही नव्हता. त्या वर्षअखेरीला तेलाचा भाव पिंपामागे दहा डॉलरच्या आसपास घसरला होता. बेटं दूर, बंदर लहान, अर्जेंटिनाशी तंटा जुना. मोठ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

मागे राहिलेल्या नोंदी वाचल्यावर एक गोष्ट पुढे आली. या खोऱ्याखाली प्राचीन सरोवराच्या तळाचा मातृखडक होता, आणि तो अतिशय समृद्ध होता. पण 1998 च्या बहुतेक विहिरींनी तेल शोधलं ते या खडकाच्या वरच्या थरांत. हा जाड, चिकण खडक स्वतःच उत्तम झाकणही होता. त्याच्यातून सुटलेलं तेल वर जायला वाट नव्हती. ते असलंच तर खाली किंवा बाजूला, त्या खडकालगत शिरलेल्या वाळूत असणार. म्हणजे त्या विहिरींनी मातृखडक सिद्ध केला होता आणि 'वर शोधू नका' हेही सांगितलं होतं.

शेलने सोडलेली क्षेत्रं रॉकहॉपर एक्सप्लोरेशन या 2004 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने घेतली. तिने त्रिमितीय सर्वेक्षण केलं. खोऱ्याच्या पूर्व काठावरून सरोवरात उतरलेल्या वाळूचे पंख्यासारखे पसरलेले थर त्यात दिसले. मे 2010 मध्ये, शेलची जुनी विहीर ज्या गटात होती त्याच गटात, 'सी लायन' विहिरीला तेल लागलं. तेलाने भरलेल्या कामाच्या खडकाची जाडी 53 मीटर निघाली. त्याच वर्षी प्रवाह-चाचणीत दिवसाला दोन हजारांहून अधिक पिंपं आली. शेअर काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढला.

इथे थांबलं तर गोष्ट फारच गोड होते. त्याच वर्षी त्याच कंपनीने दक्षिणेकडे 'अर्नेस्ट' नावाची विहीर खणली, ती कोरडी गेली. माणसं तीच, संगणक तेच. पण उत्तरेच्या जुन्या विहिरींनी दिलेला पुरावा त्या भागाला लागू होत नव्हता. पुरावा किती लांबवर ताणता येतो याला मर्यादा असते. 'आमच्या परवान्यापासून चाळीस किलोमीटरवर तेल सापडलं आहे' हे वाक्य छोट्या कंपन्यांना फार आवडतं. मधल्या चाळीस किलोमीटरमध्ये तोच मातृखडक तेवढाच तापला आहे का, हे त्या वाक्यात नसतं.

4. चार दिवसांचं तेल

फॉकलंडलाच डिझायर पेट्रोलियम नावाची दुसरी छोटी कंपनी होती. खोरं तेच, हाताशी जुन्या नोंदीही त्याच. डिसेंबर 2010 च्या पहिल्या आठवड्यात तिने जाहीर केलं की 'रेचल नॉर्थ' या विहिरीत आलेखांनुसार तेल दिसतं आहे. शेअर उसळला. काही दिवसांतच दुसरी घोषणा आली: त्या थरांतून द्रवाचे नमुने काढले, निघालं पाणी. शेअर एका दिवसात साधारण निम्म्यावर आला.

यात कोणी लबाडी केली असं मानायचं कारण नाही. आलेखाने संशय सांगितला, नमुन्याने निकाल दिला. घाई झाली ती पहिल्याला दुसऱ्याचं वजन देण्याची. कंपनीची घोषणा वाचताना म्हणून आधी क्रियापदं शोधावीत. 'खुणा आढळल्या', 'आलेखांवरून सूचित होते', 'नमुना मिळाला', 'दिवसाला इतकी पिंपं वाहिली' या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या विहिरीबद्दल बोलताना कंपन्या पहिल्या दोन पायऱ्यांवर उभं राहून चौथीचा आवाज काढतात.

जाडीच्या आकड्यातही अशीच मेख असते. 'दोनशे मीटरचा तेलयुक्त पट्टा' म्हणजे वरच्या तेलकट थरापासून खालच्यापर्यंतचं अंतर. त्यातला बराचसा निरुपयोगी चिकण खडक असू शकतो. प्रत्यक्ष तेल देणारी जाडी वीस मीटरही असेल. सी लायनचे 53 मीटर हे या दुसऱ्या, प्रामाणिक प्रकारचे.

5. आपल्या वाट्याला किती

समजा विज्ञान पटलं. आता हिशेब. एक काल्पनिक कंपनी म्हणते, 'आमच्या क्षेत्रात 10 कोटी पिंपं आहेत.' पहिली गोष्ट, ती 'आहेत' नव्हेत, 'असू शकतात'. अजून न सापडलेल्या तेलाच्या अंदाजाला साठा म्हणत नाहीत. सापडलं, पण काढणं परवडेल की नाही ठरलेलं नाही, ती पुढची पायरी. काढायची योजना मंजूर आहे आणि चालू भावात परवडतं आहे, तेव्हा कुठे तो साठा.

त्या क्षेत्रात कंपनीचा हिस्सा 25 टक्के असेल तर तिच्या वाट्याची पिंपं अडीच कोटी. यशाची शक्यता 20 टक्के धरली तर जोखीम वजा करून 50 लाख. खर्च, कर, सरकारचा वाटा जाऊन जमिनीतल्या एका पिंपाची किंमत चार डॉलर धरू. झाले दोन कोटी डॉलर. विहिरीचा एकूण खर्च चार कोटी, त्यातला कंपनीचा चौथा हिस्सा एक कोटी. तो वजा केला की उरतो एक कोटी डॉलर. शेअर 20 कोटी असतील, तर शेअरमागे पाच सेंट. बाजारात तो पंधरा सेंटला मिळत असेल, तर घेणारा यशाची शक्यता 20 टक्क्यांहून बरीच जास्त धरून पैसे मोजतो आहे.

हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत; खऱ्या कंपनीसाठी प्रत्येक आकडा तिच्या अहवालातून काढावा लागेल. पण एक प्रश्न आकड्यांविनाही विचारता येतो: विहिरीचा खर्च कोण करतं आहे? छोटी कंपनी नवे शेअर काढून स्वतःच सगळा खर्च उचलत असेल, तर जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. एखादी मोठी कंपनी हिस्सा घेऊन खर्च करायला तयार झाली असेल, तर निदान त्या जुन्या नोंदी दुसऱ्या जाणकाराने पाहून त्यावर स्वतःचे पैसे लावले आहेत.

6. तीच केर्न, ग्रीनलंडला

बाडमेरच्या यशानंतर केर्न ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर गेली. तिथे 1976-77 मध्ये पाच विहिरी खणल्या गेल्या होत्या, 2000 मध्ये आणखी एक. विकण्याजोगं तेल एकीतही नव्हतं. जमिनीवर नूसुआक द्वीपकल्पात खडकातून तेल झिरपताना मात्र दिसलं होतं, त्यामुळे आशा होती. केर्नने 2010 आणि 2011 मध्ये मिळून आठ विहिरी खणल्या. हिमनग दोरांनी बांधून बाजूला ओढायला जहाजं ठेवावी लागत. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. वायू आणि तेलाच्या खुणा मिळाल्या, विकण्याजोगं काही मिळालं नाही.

बाडमेरला जुन्या विहिरींनी मातृखडक, साठवणखडक आणि तेल वाहतं आहे, हे सगळं लहान प्रमाणावर दाखवून दिलं होतं. शोध होता मोठ्या सापळ्याचा. ग्रीनलंडला एवढ्या प्रचंड समुद्रात सहाच विहिरी, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट अजून शंकेत. दोन्ही ठिकाणी कंपनी धाडसी होती, माणसं हुशार होती. मंगलानंतर 'या लोकांचा हात लागला की तेल निघतं' असं वाटून ज्यांनी पैसे लावले, त्यांनी माणसांचा इतिहास वाचला, विहिरींचा नाही.

7. सापडलं, पुढे?

सरोवराच्या शेवाळापासून झालेल्या तेलात मेण फार असतं. मंगलाचं तेल अशाच सरोवराचं, साध्या तापमानाला घट्ट होतं. म्हणून बाडमेरहून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरची, सबंध वाटभर गरम ठेवावी लागणारी वाहिनी टाकली गेली. 2004 मध्ये सापडलेलं तेल ऑगस्ट 2009 मध्ये निघू लागलं. आणि हे जमिनीवर, गिऱ्हाईक दाराशी असताना.

सी लायनचं तेलही सरोवराचं, तसंच मेणचट. तिथे मात्र साडेचारशे मीटर खोल समुद्र आणि जवळ एकही शुद्धीकरण कारखाना नाही. 2012 मध्ये रॉकहॉपरने क्षेत्राचा 60 टक्के हिस्सा प्रीमियर ऑइलला दिला, रोख 23.1 कोटी डॉलर आणि पुढचा खर्च उचलण्याचं वचन धरून व्यवहार एक अब्ज डॉलरच्या घरात होता. 2014 च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले आणि योजना लांबणीवर पडली. प्रीमियर पुढे दुसऱ्या कंपनीत मिसळली, ती कंपनी फॉकलंडमधून बाहेर पडली, तिच्या जागी इस्राएलची नॅविटास आली. 2024 संपेपर्यंत सी लायनमधून एक पिंपही विक्रीला गेलेलं नव्हतं.